दक्षिणेची मापे विदर्भाला कशी लावणार?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

अनोळखी मृतदेहाचे लिंग किंवा वय दातांवरून ठरवले, अशा बातम्या अधूनमधून वाचायला मिळतात. तो निष्कर्ष कुठल्या लोकांच्या मापांवर काढला, याचा उल्लेख बातमीत नसतो. अहवालातही तो असेलच असे नाही.

खालच्या सुळ्याचा निर्देशांक घ्या. सुळ्याची रुंदी भागिले दोन्ही सुळ्यांच्या टोकांमधले अंतर, एवढेच सूत्र. १९८९ साली दक्षिण भारतीय तरुण-तरुणींवरच्या अभ्यासातून ०.२७४ ही सीमा निघाली. त्याहून जास्त भरले तर पुरुष, तेवढे किंवा कमी भरले तर स्त्री. आकडा सुटसुटीत, म्हणून प्रबंधांतून उचलला जातो.

आता तो नागपुरात लावून बघा. खर्रा (सुपारी-तंबाखूचे मिश्रण) खाणाऱ्याच्या सुळ्यांची टोके सुपारीने घासून सपाट झालेली असतात, शेजारच्या दाताला टेकणाऱ्या कडाही झिजतात. टोक नेमके कुठे धरायचे, हे मग मोजणाऱ्याच्या मर्जीवर. रुंदी ७.० मिमी आणि अंतर २५.६ मिमी असेल तर उत्तर ०.२७३, म्हणजे स्त्री. तोच सुळा ७.१ वाचला की ०.२७७, म्हणजे पुरुष! डिजिटल व्हर्नियरवर (बारीक मापे घेणाऱ्या चिमट्यासारख्या उपकरणावर) ०.०१ मिमीपर्यंत आकडे दिसतात खरे, पण त्याची चोच तिरकी लागली किंवा दाताच्या कडेवर कीटण असले तर एक दशांश मिमीचा फरक सहज पडतो. साच्यावरून मोजायचे तर अल्जिनेटच्या लगद्यात घेतलेला दातांचा ठसा ओला असतानाच त्यात प्लास्टर भरावे लागते. तासभर तसाच ठेवला की तो आकसतो. खालचे दात दाटीवाटीने आलेले असतील, तर सुळ्यांमधले अंतरच बदललेले असते. अशा व्यक्ती अभ्यासातून वगळायला हव्यात.

मूळ अडचण सूत्रातच आहे. पुरुषाचा सुळा रुंद आणि जबडाही रुंद, त्यामुळे भागाकारात फरक बराचसा पुसला जातो. नुसती सुळ्याची रुंदी अनेकदा जास्त सांगून जाते. पण रुंदीची सरासरी प्रत्येक लोकसमूहाची वेगळी असते. तिथे तर दक्षिणेतल्या मंगळूरचे कोष्टक गडचिरोलीच्या माडिया आदिवासींना लावणे आणखीच धोक्याचे.

वयाचे प्रकरण जास्त गंभीर, कारण तिथे मुलगा बालसुधारगृहात जाणार की तुरुंगात, हे ठरते. डेमिर्जियन यांची १९७३ ची पद्धत खालच्या जबड्यातल्या डावीकडच्या ७ दातांच्या वाढीचे टप्पे पाहते. ती फ्रेंच-कॅनेडियन मुलांवर बेतलेली आहे, आणि भारतीय मुलांचे वय ती बहुधा वाढवून सांगते. सोळा-सतराच्या पुढे उरते ती अक्कलदाढ, जी कुणाला येते, कुणाला आडवी अडकते, कुणाला मुळातच नसते. २०१५ च्या बाल न्याय कायद्यात (कलम ९४) शाळेचा किंवा जन्माचा दाखला आधी आणि वैद्यकीय चाचणी शेवटी आहे, ते योग्यच. सर्वोच्च न्यायालयानेही १९८२ सालीच अशा चाचणीत दोन्ही बाजूंना २ वर्षांची चूक गृहीत धरली होती.

हाडांवरून उंची काढण्याच्या सूत्रांचेही तेच. ट्रॉटर-ग्लेसर यांची १९५२ ची सूत्रे मुख्यतः अमेरिकी सैनिकांच्या हाडांवरची. त्यात नडगीचे हाड मोजताना घोट्याचा आतला उंचवटा वगळला गेला होता, हे पुढे १९९५ मध्ये उघड झाले. उंचवट्यासकट मोजून ते सूत्र वापरले तर उंची अडीच-तीन सेंटीमीटर जास्त येते.

नागपुरात शासकीय दंत महाविद्यालय आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी वैद्यकीय महाविद्यालये आहेत, मानववंशशास्त्र सर्वेक्षणाचे मध्य क्षेत्रीय केंद्रही आहे. विदर्भाची स्वतःची मापे जमवणे अशक्य नाही. मात्र ओपीडीत येणाऱ्या रुग्णांवर भागवू नये. तोंड पुरेसे न उघडणाऱ्या खर्रेवाल्यांचे माप घेताच येत नाही, म्हणून ते त्यातून आपोआप गळतात. हलबा, कुणबी, गोंड, तेली असे गट वेगळे नोंदवावेत. किमान दहावा हिस्सा नमुने दुसऱ्याने, पहिल्याचे आकडे न पाहता, पुन्हा मोजावेत आणि दोघांतला फरक छापावा. तोपर्यंत पोलीस किंवा न्यायालयाकडे जाणाऱ्या प्रत्येक अहवालात कोणत्या लोकसमूहाचे सूत्र वापरले आणि चूक किती धरली, हे दोन रकाने सक्तीचे करावेत.

– न्यायवैद्यक दंतशास्त्राचे दोन अध्यापक, नागपूर