अ.पा.क. आई

चि. ओंकार,

अनेक आशीर्वाद.

सात तारखेला आठऐवजी तीनच हजार जमा झाले, म्हणून तू फोनवर तापलास. "बाबांनी हात वर केले" म्हणालास. तसं नाही रे. आले ते माझे; बायकोच्या पोटगीला वयाची अट नसते. तुझे पाच थांबले, ते हुकमाप्रमाणेच.

आज जुनी फाइल काढली. पहिल्याच पानावर तुझं नाव, 'वय वर्षे ५', आणि खाली 'अ.पा.क. आई'. अज्ञान पालनकर्ती, म्हणजे सज्ञान न झालेल्या मुलाची पालक. तुझ्या वतीने सही माझी. शेवटच्या पानावर 'सज्ञान होईपर्यंत' असं आहे. तेव्हा ते फार लांबचं वाटलं होतं. पोटगीचं कलम तेव्हा फौजदारी प्रक्रिया संहितेतलं १२५ होतं, जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेत १४४ झालं. अठराची रेघ तीच. मूल शरीराने वा मनाने अधू असेल, स्वतःचं पोट भरू शकत नसेल, तरच त्यापुढे. इंजिनिअरिंगची फी त्यात बसत नाही. पोरांचा खरा खर्च अठरानंतरच सुरू होतो, हे कायदा करणाऱ्यांच्या घरी कुणी सांगितलं नसावं.

ताईचं वेगळं आहे. हिंदू दत्तक व पोटगी कायदा, १९५६, कलम २०: लग्न न झालेल्या मुलीचं स्वतःच्या कमाईतून किंवा मालमत्तेतून भागत नसेल, तर ती सज्ञान झाल्यावरही बापाकडे मागू शकते. २०२० साली सुप्रीम कोर्टानेही तेच सांगितलं, पण अर्ज त्या कायद्याखाली वेगळा करावा लागतो. वकीलबाईंनी तो तयार केलाय. सही ताईचीच हवी. काल ती दोनदा पेन ठेवून उठली.

आणि गंमत बघ, त्याच कलमात म्हातारे आईबापही आहेत. उद्या बाबांचं भागेना झालं, तर ते तुझ्याकडे मागू शकतात. मीसुद्धा!

फीचा पहिला हप्ता मी भरते, भिशी लागलीय. दुसऱ्यासाठी बाबांना तू फोन कर. तेरा वर्षं मी वकिलामार्फत मागत आले, ते वकिलामार्फत नाही म्हणत आले. तुझ्यामाझ्यात आता अ.पा.क. उरलं नाही, तर मी मध्ये कशाला? देतील की नाही, ते मी कसं सांगू? नंबर तोच आहे. सातनंतर कर, त्याआधी ते गाडीवर असतात.

तुझी,
आई