एसीवाल्या दादांना मनापासून थँक्यू

दादा नमस्कार, तुम्हाला विचारलं नाही म्हणून तुमचं नाव इथे टाकत नाही, पण ठाण्यातल्या आईच्या खोलीतला तो थंडच न करणारा दीड टनचा स्प्लिट एसी म्हटलं की तुमच्या लगेच लक्षात येईल. आधी जे येऊन गेले त्यांनी कव्हरसुद्धा न उघडता गॅस संपलाय म्हणून सांगितलं, आणि नाहीतर पीसीबी म्हणजे आतला इलेक्ट्रॉनिक बोर्ड बदलावा लागेल म्हणाले, तो खर्च ऐकून आई नवीनच घेऊ म्हणत होती.

तुम्ही मात्र पहिले मीटर काढला. खोलीचं तापमान बघणाऱ्या रूम सेन्सरचा कनेक्टर सोडवून ओहम, म्हणजे त्याचा विद्युत रोध मोजला आणि मला समजावून सांगितलंत की हा 10 किलो ओहमचा आहे म्हणजे 25 डिग्रीला 10 दाखवतो, गरम झाला की कमी होतो आणि गार झाला की वाढतो. खोलीत 29 डिग्री होतं, म्हणजे साडेआठच्या आसपास यायला हवं होतं आणि मीटर 14 दाखवत होता! म्हणजे मशीनला वाटतंय खोली 17-18 ला आलीये, मग 24 वर लावलेला एसी कॉम्प्रेसर बंद करणारच ना, गॅसचा काय संबंध. नवा सेन्सर बसवायच्या आधी तो बर्फाच्या पाण्यात धरून बघितलात, आकडा 30 च्या पुढे गेला तेव्हा कुठे तो लावला. कॉइलचा सेन्सर मोजून बरोबर निघाला तर तो बदलला नाही, नुसता पुसून तांब्याच्या खोबणीत नीट खोचून ठेवला. दुसऱ्या कोणी दोन्हीचे पैसे लावले असते हो.

आणि भिंतीवरून गळणारं पाणी, त्याचं तर आम्ही तक्रारीत सांगितलंही नव्हतं, कारण पावसाळ्यात असं होतंच असं आम्ही धरून चाललो होतो. एसीचं पाणी जमा होतं त्या ट्रेच्या तोंडाशी बुळबुळीत गाळ साचून गच्च झालं होतं, ते तुम्ही ब्लोअरने मोकळं केलंत. पण मला जास्त पटलं ते पुढचं, बाहेरच्या पाइपला मधेच झोल होता तिथे पाणी अडून राहायचं, नुसता गाळ काढून परत महिन्याभरात तेच झालं असतं, म्हणून तुम्ही पाइप कापून सरळ उतार दिलात आणि ट्रेमध्ये तांब्याभर पाणी ओतून मला बाल्कनीत उभं केलंत, खाली धार पडली की नाही बघायला. आपल्याकडच्या दमट हवेत दीड टनचा एसी तासाला लिटरभर तरी पाणी सहज काढतो हे मला तेव्हा कळलं.

आईला दम्याचा त्रास आहे, ओल्या भिंतीच्या वासाने तिला खोकला यायचा. आता भिंत वाळलीये आणि ती रात्रभर शांत झोपते, त्यासाठी तुमचे आभार मानावे तेवढे थोडे आहेत.

बाकी एक विचारायचं होतं, सोसायटीतले दोन-तीन जण तुमचा नंबर मागतायत, दिला तर चालेल का? तेवढं कळवा दादा.