द्वेष आपल्याही खात्याचा विषय आहे : अर्थमंत्र्यांना खुले पत्र

माननीय अर्थमंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

द्वेष भडकला, दंगल पेटली की पत्रे गृहमंत्र्यांना जातात. मी मुद्दाम आपल्याला लिहीत आहे, कारण द्वेषाला लागणारी भीती पुष्कळदा अंदाजपत्रकातल्या निर्णयांतून तयार होते, आणि अंदाजपत्रक आपण मांडता.

जर्मनीचा इतिहास आपल्याला ठाऊक आहेच, तरी त्यातले आकडे एकदा ओळीने वाचावेत. मे १९२८ च्या निवडणुकीत नाझी पक्षाला २.६ टक्के मते मिळाली. ज्यूद्वेष तेव्हाही त्यांच्या कार्यक्रमात होताच, पण ऐकणारे थोडे होते. पुढच्या वर्षी न्यूयॉर्कचा शेअर बाजार कोसळला, अमेरिकी कर्जांचा ओघ आटला, कारखाने बंद पडू लागले. १९३० मध्ये चॅन्सेलर झालेल्या हाइनरिश ब्रूनिंग यांनी वटहुकुमांच्या बळावर सरकारी पगार कापले, बेकारभत्ता आखडला, कर वाढवले. त्या सप्टेंबरात नाझींची मते १८.३ टक्क्यांवर गेली आणि जुलै १९३२ मध्ये ३७.३ टक्क्यांवर.

यातली सर्वांत बोलकी बाब वेगळीच आहे. ज्यांची नोकरी प्रत्यक्ष गेली त्यांतले बरेच कम्युनिस्टांकडे वळले. नाझींना मोठे बळ मिळाले ते छोटे दुकानदार, कारागीर, शेतकरी यांच्याकडून. त्यांच्यापाशी अजून काहीतरी शिल्लक होते आणि तेही जाईल, आपण खालच्या पायरीवर फेकले जाऊ, अशी धास्ती त्यांना होती. म्हणूनच ‘अतिगरिबांसाठी आमच्या योजना आहेत’ एवढ्या उत्तराने माझे समाधान होत नाही. जे आज कसेबसे तग धरून आहेत आणि एका आजारपणाने किंवा एका हुकलेल्या पगाराने कोसळतील, त्यांच्यासाठी आपल्या कागदांत काय आहे?

द्वेष निव्वळ पैशातून जन्मतो असे मी म्हणत नाही. वंश, धर्म, जात यांबद्दलचे पूर्वग्रह भरभराटीतही जगतात. पण विषमता वाढली की ‘आमचे कोणी नेले?’ हा प्रश्न उठतोच, आणि त्याचे बोट वर जाण्याऐवजी शेजाऱ्याकडे वळावे यात काहींचा मोठा फायदा असतो. अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात १८९४ साली गरीब गोरे शेतकरी आणि कृष्णवर्णीय मतदार राजकीय युतीत एकत्र आले आणि जिंकले. त्यांच्या विधिमंडळाने व्याजाला ६ टक्क्यांची मर्यादा घातली, शाळांना जादा पैसा दिला. १८९८ मध्ये विरोधकांनी व्याजाबद्दल वाद घातला नाही. कृष्णवर्णीय पुरुषांपासून गोऱ्या स्त्रियांना धोका आहे, असा प्रचार त्यांनी वर्तमानपत्रांतून आणि व्यंगचित्रांतून केला. १० नोव्हेंबरला विल्मिंग्टनमध्ये सशस्त्र गोऱ्या जमावाने निवडून आलेली नगरसत्ता उलथवली, कृष्णवर्णीयांची कत्तल केली. मग मतदानासाठी साक्षरतेची अट आणि पोल टॅक्स, म्हणजे मत देण्याआधी भरावा लागणारा डोईकर, आला. तो कर गरीब गोऱ्यांनाही चुकला नाही. भीतीला मत देऊन त्यांना काय मिळाले, हे कोणीतरी त्यांना विचारायला हवे होते.

हे सगळे अटळ असते असे मानून हात झटकणाऱ्यांची मला चीड येते. त्याच जागतिक मंदीत, १९३३ मध्ये, स्वीडनमधल्या सोशल डेमोक्रॅट आणि शेतकरी पक्षांनी तडजोड केली: शेतमालाच्या भावाला आधार, बेकारांना रास्त मजुरीवर सार्वजनिक कामे. एकमेकांविरुद्ध सहज उभे करता आले असते असे हे दोन वर्ग. ते एका बाजूला आले, आणि लोकशाही टिकली.

माझ्या मागण्या दोनच आहेत. येत्या अंदाजपत्रकात प्रत्येक कपातीशेजारी तिचा भार कोणत्या उत्पन्नगटावर पडेल ते छापा, आणि प्रत्येक करसवलतीशेजारी तिचा लाभ कोणाला मिळेल तेही. दुसरी मागणी अधिक अवघड आहे. आपल्या पक्षाचा कोणी नेता बेकारीचे खापर एखाद्या समाजावर किंवा स्थलांतरितांवर फोडू लागला, तर त्याच व्यासपीठावर उठून खरे आकडे सांगा. ते आकडे आपल्याच खात्याकडे आहेत, आणि आपण बोललात तर लोक ऐकतील.

आपल्या उत्तराची वाट पाहत आहे.

आपला,
एक करदाता नागरिक