ओंकार, रील बघून झालं की हे वाच

चि. ओंकार,

फोनवर तू नुसतं हूं हूं करतोस म्हणून हे लांबलचक टाईप करायलीय. पूजाचा बीएचा प्रोजेक्ट चाललाय, सायकॉलॉजीचा, कॉलेजच्या पोरांचा स्वभाव आणि त्यांचं इन्स्टा-फेसबुक ह्यावर, घरात सकाळ-संध्याकाळ तेच चाललंय, ब्लाऊज शिवता शिवता मीपण अर्धी सायकॉलॉजी शिकले बघ.

त्यांच्यात बिग फाइव्ह म्हणून असतंय, स्वभावाची पाच मापं. बोलका की अबोल, मनमिळाऊ किती, कामात नेटका किती, नव्याची आवड किती आणि मनाला लावून घेणारा किती. सगळ्यांच्यात पाचही असतात, कमी-जास्त. बोलकी पोरं फोनवरपण बोलकीच, फ्रेंड जास्त, फोटो जास्त, म्हणजे आपली पूजाच की, कपिलेश्वरला गेली तरी स्टोरी, कुंदा खाल्ला तरी स्टोरी!

वडगावातल्या बायका मला म्हणतात पूजा फोनच्या नादाला लागलीय आणि ओंकार किती शहाणा, कधी काही टाकत नाही. मला नाही पटत ते. तू टाकत नाहीस पण रात्री एक वाजता ऑनलाईन दिसतोस रे. आणि तू लहानपणापासून लावून घेणारा, कोणी क्रिकेटला घेतलं नाही तर दोन दिवस जेवायचास नाहीस. असली पोरं गप्प बघत बसतात, ह्याचं प्लेसमेंट झालं, तो गोव्याला गेला, आणि मनात आपलं मोजत राहतात. सगळे मजा करायलेत, आपणच मागं राहिलो ही जी धास्ती असते त्याला फोमो म्हणतात म्हणे. आता अस्वस्थ म्हणून फोन धरतात की फोन धरून अस्वस्थ होतात हे पटकन सांगता येत नाही असं पूजाच्या मॅडम म्हणतात, आणि स्वभावाचा न् सवयीचा संबंध असला तरी तो बारीकच असतोय. म्हणून तू असाच आहेस असा शिक्का मी मारत नाही, फक्त विचारायलीय.

एक गोष्ट वाचून मात्र मी मशीन थांबवलं. २०१५ मध्ये केंब्रिज आणि स्टॅनफर्डच्या लोकांनी ८६,२२० जणांचे फेसबुक लाईक कॉम्प्युटरला घातले. १० लाईकवरून त्याला माणसाचा स्वभाव ऑफिसातल्या सोबत्यापेक्षा बरा सांगता आला, ७० वरून मित्रापेक्षा, १५० वरून घरच्यांपेक्षा, आणि नवरा-बायकोला मागं टाकायला ३०० लागले. दीडशे लाईक! तेवढ्यात आई-बाप मागं पडले! पण खरं-खोटं ठरवलं कशावरून, तर ज्यांचे लाईक घेतले त्यांनीच स्वतःबद्दल भरलेल्या १०० प्रश्नांवरून. म्हणजे तू स्वतःला काय समजतोस ते त्याला कळतं, तू चिडलास की आधी कपाट आवरायला लागतोस ते त्याला कुठलं कळायला.

आणि हे इन्स्टा-फेसबुक आपल्याबद्दल कळलेलं नुसतं ठेवून घेत नाही, तसलंच आणखी आपल्यापुढं वाढत राहतं. एक नोव्हेंबर जवळ आला की बघ, तिकडं कर्नाटकाचा राज्योत्सव, इकडं बेळगावात आपल्या मराठी माणसांचा काळा दिन, आणि एका व्हिडिओवर थांबलास की तसलेच दहा, खाली कमेंटमध्ये शिव्या. तिथं सगळ्यात जास्त लिहिणारे मला तरी मनमिळाऊ वाटत नाहीत. आपली बाजू आपली आहेच, तुझ्या आजोबांनी सीमाप्रश्नासाठी मोर्चे काढलेत, पण धारवाडला तू चिक्कोडीच्या कन्नड पोराच्या डब्यातलं खातोस, ताप आला तेव्हा दवाखान्यात त्यानंच नेलं, तर रात्री पांघरुणात ते सगळं वाचून रक्त कशाला आटवायचं?

फोन सोड म्हणणार नाही, माझाच सुटत नाही, डिझाईन बघायला घेते आणि तास जातो. झोपताना तेवढा टेबलावर ठेव, उशाला नको. आणि कुणाचं बघून वाईट वाटलं तर मला फोन कर, कारण नाही सांगितलंस तरी चालतंय.

आता काम. पूजानं प्रोजेक्टच्या प्रश्नांच्या फॉर्मची लिंक स्टेटसला ठेवली आणि भरला कुणी, तर तिच्यासारख्याच दिवसभर ऑनलाईन बडबडणाऱ्या पोरींनी. मॅडम म्हणाल्या, गप्प पोरं कुठायत ह्यात? तर तू भर, तुझ्या चिक्कोडीच्या दोस्तालापण कन्नडमधून सांगून भरून घे, आणि मेसच्या कोपऱ्यात एकटा बसतो म्हणालास त्या पोरालापण. नाव लिहायचं नाही. रविवारच्या आत हवंय, सोमवारी तिला दाखवायचंय.

तुझी आई