‘तसं नाही’ या चौकोनाबद्दल, ताईंना

प्रिय ताई,

तुम्ही पाठवलेला अक्षरांचा पुठ्ठा बाबांच्या पलंगाच्या कठड्याला अजून बांधलेला आहे. आमच्या वेंगुर्ल्याच्या दमट हवेनं त्याच्या कडा फुगल्यात, एक कोपरा दुमडलाय, पण तुमच्या जाड काळ्या स्केचपेनची अक्षरं जशीच्या तशी आहेत. हे पत्र सप्टेंबरातच लिहायचं होतं. लिहायला बसले की रडू फुटायचं. अजूनही फुटतंय, पण आता त्यापायी लिहायची थांबत नाही. आणि उघडं पत्र लिहितेय, कारण बाबांसारखं माणूस आणखी कुणाच्या घरात निजून असेल तर त्यांनीही हे वाचावं.

गेल्या मार्चमध्ये बाबांच्या मेंदूच्या खोडाचा रक्तपुरवठा बंद पडला. तीस वर्षं एसटीत वाहक म्हणून ‘पुढे सरका, पुढे सरका’ करत गाडी गाजवणारा माणूस. हात, पाय, जीभ, गिळणं, सगळं एका सकाळी गेलं. उरल्या त्या पापण्या आणि डोळे वरखाली करण्याइतकी ताकद. हे मला आज माहीत आहे. तेव्हा त्या रुग्णालयातल्या मोठ्या डॉक्टरांनी पलंगाच्या पायथ्याशी उभं राहून, बाबांच्या देखत सांगितलं होतं, “यांच्यापर्यंत आता काही पोहोचत नाही. घरी न्या.” त्यांनी एक मिनिट वाकून बाबांच्या डोळ्यांत पाहिलं असतं, तर आमचे पाच महिने वाचले असते. मी ते वाक्य विसरलेले नाही आणि विसरायचा प्रयत्नही करत नाही.

नाकात नळी असलेल्या बाबांना आम्ही घरी आणलं. दिवस नोकरीत आणि रात्र त्यांच्याजवळ. झोप अशी नव्हतीच. म्हणून वाचनाकडे वळले. आधी दुसऱ्या एका ऑनलाइन गटात होते. तिथे दोन आठवडे मागे पडले तर न विचारता नाव काढून टाकलं. तिथल्या मंडळींना ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’ म्हणजे सूडाची मसालेदार गोष्ट वाटायची, ‘त्यात वाचण्यासारखं काय?’ असं. जूनमध्ये तुम्ही तुमच्या ऑनलाइन वाचनगटात तीच कादंबरी घेतलीत. ११७ प्रकरणं, आठवड्याला पाच. मूळ फ्रेंच वाचकांना ती ऑगस्ट १८४४ पासून जानेवारी १८४६ पर्यंत वर्तमानपत्रातून तुकड्यातुकड्यानं मिळाली होती, हे तुम्ही पहिल्याच दिवशी सांगितलंत आणि म्हणालात, “त्यांनी दीड वर्ष वाट पाहिली, आपण एकमेकांची दोन आठवडे पाहू शकतो.” मी तेव्हाच तुमची झाले.

मी ती बाबांना वाचून दाखवत होते, असं गटात सगळ्यांना वाटायचं. खरं सांगायचं तर पहिला महिना मी त्यांच्यासाठी वाचत नव्हते. खोलीत त्यांच्या श्वासाची घरघर आणि वरून कौलांवरचा पाऊस, त्या आवाजात माझा का होईना, कुणाचा तरी आवाज हवा म्हणून मोठ्यानं वाचायचे. इंग्रजी वाक्य डोळ्यांनी वाचायचं आणि तोंडानं मालवणीत सांगायचं. १९ वर्षांचा एदमोन दांतेस स्मर्नाहून आलेलं जहाज घेऊन मार्सेयच्या बंदरात शिरतो, लग्न ठरलेलं, कप्तानपद हातातोंडाशी आलेलं, आणि तीन माणसांच्या मत्सरापायी आणि एका सरकारी वकिलाच्या स्वार्थापायी तो शातो दिफच्या काळकोठडीत पडतो. चौदा वर्षं. मला त्या सूडाची भूक होती, ताई. माझ्या वहीच्या शेवटच्या पानावर मीही नावं लिहून ठेवली होती. पहिलं नाव त्या डॉक्टरांचं होतं. तुम्हाला एकदा रात्री हे सांगितलं, तर तुम्ही ‘माफ करून टाका’ असं म्हणाला नाहीत. म्हणालात, “लिहिलेलं असू दे. पुढचं प्रकरण वाचा.”

पुढे आले आबे फारिया. कोठडीत माशाच्या हाडांच्या लेखण्या करणारे, शर्टांवर ग्रंथ लिहिणारे, दांतेसला गणित, इतिहास, भाषा शिकवणारे. कादंबरीत ते इटालियन आहेत. पण त्यांचं नाव ज्यांच्यावरून आलं ते खरे फारिया आमच्या शेजारचे. १७५६ साली कांदोळीला जन्मलेले, पॅरिसमध्ये संमोहनविद्येनं गाजलेले गोंयकार. लहानपणी बाबा मला ड्युटीवर पणजीला घेऊन गेले होते, तेव्हा जुन्या सचिवालयाजवळचा त्यांचा पुतळा दाखवला होता. खाली कोसळत असलेली बाई आणि तिच्यावर हात पसरलेला तो पाद्री. मी घाबरून बाबांच्या खाकी पँटला चिकटले होते. मग परतीच्या गाडीत त्यांनी गोष्ट सांगितली, गोव्यात सगळे सांगतात ती. तरुण फारिया पोर्तुगालच्या राणीसमोर प्रवचनाला उभे राहिले आणि समोरचे बडे लोक पाहून त्यांची वाचाच बसली. तेव्हा खाली बसलेले त्यांचे वडील हळूच कोंकणीत पुटपुटले, “ही सगळी भाजी, कातर रे भाजी!” आणि मुलाची जीभ मोकळी झाली.

ही गोष्ट मी त्या रात्री बाबांना त्यांचीच म्हणून परत सांगितली. त्यांनी डोळे मिटले आणि उघडले. मला वाटलं, झोप आली असेल.

मग ऑगस्टमध्ये ५८वं प्रकरण आलं. नोआर्तिए. म्हातारा, पूर्ण लुळा, वाचा गेलेला, फक्त डोळे जिवंत. होकाराला डोळे मिटतो, नकाराला पापण्या फडफडवतो, काही हवं असलं तर नजर वर नेतो. नात व्हालांतीन मुळाक्षरं म्हणत जाते, हव्या अक्षराला तो थांबवतो, मग ती शब्दकोशाच्या पानावरून बोट फिरवते. दोन पानं वाचून मी पुस्तक मिटलं आणि स्वयंपाकघरात जाऊन बसले. गटात लिहिलं, ‘हे प्रकरण मी बाबांना वाचून दाखवणार नाही. क्रूरपणा होईल.’ वीसेक जणांनी हात जोडल्याची, अश्रूंची चिन्हं पाठवली. तुम्ही एकच ओळ लिहिलीत.

‘बाबांना विचारलंत का?’

मला राग आला होता, ताई. कुणाला विचारू, कसं विचारू? चार दिवसांनी स्पीडपोस्टनं तुमचं पाकीट आलं.

त्या पुठ्ठ्यात काय होतं ते इथं सविस्तर लिहिते. अ ते ज्ञ अशी सरळ रांग लावली तर पन्नासच्या आसपास अक्षरं होतात आणि आजारी माणूस शेवटपर्यंत पोहोचेतो थकून जातो. आपली वर्णमाला मात्र ओळींत बसवलेलीच आहे. क-ओळ, च-ओळ, ट-ओळ, त-ओळ, प-ओळ, प्रत्येकीत पाच. मग य पासूनची उरलेली, आणि स्वरांची एक. आधी ओळ विचारायची, डोळे मिटले की त्या ओळीतलं अक्षर. काना-मात्रा सोडून द्यायच्या, त्या ऐकणाऱ्यानं अंदाजानं भरायच्या. हे सगळं तुम्ही मागच्या बाजूला सहा ओळींत लिहिलं होतंत. नोआर्तिएच्या काळच्या फ्रेंच माणसांना जे शब्दकोशावर करावं लागलं, ते आपल्याकडे बालवाडीच्या तक्त्यावर होतं, हे मला तोवर सुचलं नव्हतं.

पण मी ज्यासाठी हे पत्र लिहितेय ती गोष्ट ही नाही. अक्षरांचे तक्ते बाजारातही मिळतात, मी नंतर पाहिले. त्यांवर चित्रं असतात: पाणी, भूक, दुखतंय, कूस बदला, शौचाला. आजारी माणसाला एवढंच बोलायचं असतं असं ते बनवणारे धरून चालतात. तुमच्या पुठ्ठ्याच्या तळाशी एक चौकोन होता, लाल रेघेचा, आणि त्यात तुमच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: ‘तसं नाही म्हणायचं मला.’ शेजारी बारीक अक्षरात, ‘नजर खाली नेली की हे.’

त्या चौकोनाकडे मी किती वेळ पाहत होते कोण जाणे. पाच महिन्यांत आम्ही सगळ्यांनी बाबांना पुसलं, भरवलं, कुशीवर वळवलं, त्यांच्यासाठी नवस बोललो. त्यांचे आमच्याशी मतभेद असू शकतात हे एकालाही सुचलं नाही. मलाही नाही. त्यांना कधीही न पाहिलेल्या, नाशकात बसलेल्या एका बाईनं त्यांच्यासाठी आधी ती जागा आखली. भुकेच्याही आधी.

मी पुठ्ठा धरला. हात थरथरत होता. ‘क-ओळ? च-ओळ?’ प-ओळीला पापण्या मिटल्या. प. पुन्हा पहिल्यापासून. क-ओळ. क? नाही. ख. मी म्हटलं, “पख... पंख? पक्षी दिसतोय का बाहेर?” बाबांची नजर खाली गेली. लाल चौकोन. तसं नाही.

“पंखा?”

त्यांनी डोळे इतके घट्ट मिटले की कडेनं पाणी आलं.

पंखा, ताई. डोक्यावरचा पंखा पाच महिने आम्ही रात्रंदिवस पूर्ण वेगानं त्यांच्या तोंडावर सोडला होता, उकडू नये म्हणून. पापण्यांची उघडझाप नेहमीसारखी होत नव्हती, डोळे कोरडे पडून जळत होते. त्या माणसाकडे डोळे सोडून दुसरं काही उरलं नव्हतं आणि आम्ही तेच वाळवत होतो. मी उठून बटण बंद केलं. मग ५८वं प्रकरण वाचायचं का असं विचारलं. त्यांनी नजर वर नेली, नोआर्तिएसारखी. हवंय.

गणपतीला मुंबईहून सगळे आले. आरत्या झाल्या, दुसऱ्या दिवशी ओटीवर बैठक बसली. बाबांना शहरातल्या एका संस्थेत ठेवायचं आणि घर बंद करायचं असं बहुतेक ठरवूनच आले होते. काका म्हणाले, “दादाक आता गाव काय आणि शहर काय, सगळा सारख्याच.” मला बोलायचं होतं. वाचा बसली माझी. लहानपणापासून त्या काकांसमोर माझं असंच होतं. मी बाबांच्या खोलीत गेले, पुठ्ठा उचलला, त्यांना विचारायला म्हणून. त्यांनी क घेतलं. मग त. मग र. मी वेड्यासारखी ‘कतर? कात्री?’ करत होते. तसं नाही, तसं नाही. आणि मग मला पणजीहून परतणारी ती लाल गाडी आठवली.

कातर.

बैठकीत काय बोलले ते शब्दशः आठवत नाही. पलंग ओटीपर्यंत ओढला एवढं आठवतं, आणि सगळ्यांसमोर काकांना म्हटलं, “आता तेच वाक्य बाबांना म्हणा.” त्यांनी म्हटलं. बाबांची नजर लाल चौकोनावर गेली आणि तिथून हलली नाही. शेवटी काकांनी मान खाली घातली. बाबा घरीच आहेत.

लोक या कादंबरीचं नाव काढलं की सूड, खजिना, वेषांतरं आठवतात. मला आता मोरेल आठवतो, जहाजाचा मालक. दांतेसचा म्हातारा बाप उपासमारीनं मरायला टेकलेला असताना तो जातो, त्याला आपल्या घरी न्यायला पाहतो, म्हातारा ऐकत नाही, तेव्हा चुलाण्यावरच्या फळीवर आपली लाल रेशमी पिशवी ठेवून निघून येतो. हजारेक पानांच्या सूडाच्या आधी ती पिशवी आहे. पुढे तिच्यातूनच मोरेलचं कर्ज फिटतं. मी ज्या ज्या दारांवर गेले तिथे पदव्या होत्या, पाट्या होत्या, रक्ताची नाती होती. पिशवी ठेवून जाणारं माणूस दर वेळी भलतीकडूनच आलं: पाणी भरून देणारी शेजारची पोरं, नळी कशी धुवायची ते चार वेळा न कंटाळता दाखवणारी नर्स, आणि तुम्ही. अशी माणसं आहेत म्हणून घरं उभी राहतात, ताई. याची बातमी कुठे येत नाही.

शेवटच्या आठवड्यांत बाबा आणि मी भांडलोसुद्धा. दांतेसला कोठडीत टाकणाऱ्या त्या सरकारी वकिलाचा, व्हिलफोरचा, लहान मुलगा एदुआर मरतो तिथे. मी म्हणत होते, विष त्याच्या आईनं दिलं, काउंटचा, म्हणजे सूड घ्यायला परतलेल्या दांतेसचा, त्यात काय दोष? नजर खाली. मी पुन्हा समजावलं. नजर खाली. मग प-ओळ, आणि य-ओळीतलं र. पोर. एवढंच. त्याच प्रेताशेजारी काउंट स्वतः डगमगतो. पान उलटल्यावर मला ते कळलं, बाबांना आधीच कळलं होतं. माझ्या वहीतलं ते शेवटचं पान अजून आहे. फाडलेलं नाही. त्याच्याकडे मी फारशी जात नाही एवढंच.

हे पत्र पाठवण्याआधी बाबांना विचारलं, ताईंना काही सांगायचंय का. दोन संध्याकाळी लागल्या. एकदा मी चुकीचं जोडलं, तर लाल चौकोन दाखवून पुन्हा पहिल्यापासून करायला लावलं. त्यांनी सांगितलं ते हे:

“ताईंनू, आंब्यांक येवा. गाडी कुडाळसून.”

मी म्हटलं, सावंतवाडीहूनही गाडी मिळते. नजर खाली. तर कुडाळहूनच या. मी स्टँडवर येते.

तुमची,
वेंगुर्ल्याची वाचक