एसी गळतोय, पण बिघडलेला नाही

सोलापूर, जूनअखेर

चि. सुनील यास अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर म्हणालास, "अण्णा, नवा एसी घ्या, पैसे पाठवतो." पाठवू नकोस. मेकॅनिक म्हणाला कॉइल गेली, म्हणजे आतली गार होणारी नळ्यांची जाळी. कॉइलमधनं गॅस गेला असता तर तिच्यावर बर्फ धरला असता, गारवाही कमी झाला असता. मी झाकण उघडून बॅटरी मारली. बर्फाचा कण नाही, फिल्टरही साफ.

कोडं वेगळंच होतं. अख्खा मे पारा ४२-४३ वर, तेव्हा थेंब नाही. आणि मृगाचा पाऊस पडला तशी भिंतीवरनं धार. मग ध्यानात आलं. आपला उन्हाळा कोरडा ठणठणीत, हवेत ओलच नाही तर कॉइलवर साचणार काय? दमट हवा आली की दवासारखं पाणी सुटतं. ते पाणी बाहेर नेणारा पाइप आधीच तुंबला असणार, मेमध्ये कळलं नाही इतकंच.

मेन स्विच बंद करून कॉइलखालच्या ट्रेमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओतलं. तुझी आई गॅलरीत उभी. "आलं का गं?" "नाही की!" ट्रे काठोकाठ.

मुळाशी कोण, तर तीच. पाणी वाया नको म्हणून पाइपाचं टोक तिनं बादलीत सोडलेलं. नळाला रोज पाणी येत नाही त्या गावात तिला काय बोलायचं? पण बादली भरली की टोक बुडतं. त्यात ग्रिलपाशी पाइपाला झोळ, तिथंही पाणी, मधे हवा कोंडलेली. नुसत्या उतारानं वाहणाऱ्या पाण्याला ती ढकलण्याइतका जोर कुठला? ते मागं फिरतं.

मी शहाणपणानं सायकलच्या पंपानं बाहेरून हवा मारली. काळा बुळबुळीत गोळा उलटा ट्रेमध्ये, तिथनं पलंगावरच्या नव्या चादरीवर. बाहेरूनच ओढायला हवं होतं. मग पाणी ओढणारा व्हॅक्युम मागून आणला, टोकाला फडकं गुंडाळून लावला, उरलेला गाळ निघाला. बोटांत चुरडून पाहिला तर आत कापसाची धूळ. ४० वर्षं मागावर नाकात घेतली तीच.

झोळ काढून पाइप ग्रिलला बांधलाय, मीटरमागे निदान १ सेंटीमीटर उतार. टोक बादलीच्या काठाच्या चार बोटं वर. तुझ्या पुण्याच्या फ्लॅटमधला पाइपही बघून घे.

डाग अजून गेलेला नाही. पाठवायचेच असतील तर चादरीचे पैसे पाठव, आणि आईला कळू देऊ नको.

तुझे
अण्णा