डीजे नसेल तर आम्हीही चालायला येऊ

महोदय,

मी एसटीचा निवृत्त वाहक आहे. नोकरीची बरीच वर्षे नागपूर-अमरावती मार्गावर गेली. हे अंतर साधारण १५० किलोमीटर. आमच्या हिशेबाने सहा किलोमीटरचा एक, असे २५ टप्पे. यंदा जानेवारीत ते २५ टप्पे मी पायी पूर्ण केले. वाट मात्र घराजवळचीच ठेवली : प्रतापनगरहून अंबाझरी तलावाकडे आणि परत, रोज एक टप्पा. डेपोतल्या जुन्या सहकाऱ्यांनी, शेजाऱ्यांनी, आमच्या भाजीवाल्या ताईंनीसुद्धा टप्प्यामागे कुणी १० तर कुणी ५० रुपये कबूल केले होते. २३,४०० रुपये जमले. माझ्या नातवाला ऑटिझम आहे. तो जातो त्या केंद्रातल्या दोन मुलांची स्पीच थेरपी (बोलण्यासाठीची) आणि ऑक्युपेशनल थेरपी (रोजची कामे स्वतः जमावीत यासाठीची) पैशांअभावी थांबली होती, ती त्या रकमेतून पुन्हा सुरू झाली.

एकट्यानेच का चाललो, ते सांगण्यासाठी हे पत्र आहे.

संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने २००७ मध्ये ठराव करून २ एप्रिल हा जागतिक ऑटिझम जागरूकता दिन ठरवला. गेल्या वर्षी त्या सुमारास शहरात ऑटिझमसाठीच एक पदयात्रा होती. नातवाला घेऊन मोठ्या हौसेने गेलो. प्रवेशद्वारापाशी ट्रकवर डीजे, माइकवर घोषणा, वर ढोल. पोराने दोन्ही कान दाबून रस्त्यावरच बसकण मारली. आम्ही फाटकावरूनच परत आलो. आयोजकांची भावना चांगलीच होती, यात मला शंका नाही. पण ज्यांच्यासाठी चालायचे, त्यांनाच तिथे उभे राहता आले नाही.

पंखा घरघरत असतो, पण थोड्या वेळाने तो आपल्याला ऐकूच येत नाही. मेंदू तो आवाज बाजूला सारतो. माझ्या नातवाला ते जमत नाही. हॉर्न, कुकरची शिटी, ट्यूबलाइटची गुणगुण सगळे सारख्याच जोराने अंगावर येते. मग तो हात झटकतो, गोल फिरतो, ओरडतो. तो हट्ट नसतो आणि संस्कारांची कमतरताही नसते.

हे मला फार उशिरा कळले. नोकरीत असताना एकदा कोंढाळीच्या पुढे एक मुलगा गाडीत सारखा किंचाळत होता. प्रवासी कावले होते. मी त्याच्या आईला म्हणालो, "सांभाळता येत नसेल तर गाडीत आणू नका बाई." ती काही बोलली नाही. तळेगावला उतरून गेली. तिचे तिकीट तळेगावचे नव्हते. तिचा चेहरा मला नातवाच्या जन्मानंतर चार वर्षांनी, डॉक्टरांनी निदान सांगितले त्या दिवशी आठवला, आणि त्यानंतर रोज आठवतो.

मराठीत ऑटिझमला 'स्वमग्नता' म्हणतात. मला तो शब्द पटत नाही. माझा नातू स्वतःत मग्न नाही. तो जगाकडे आपल्यापेक्षा बारकाईने पाहतो. वाडी, बाजारगाव, कोंढाळी, कारंजा, तळेगाव, तिवसा, मोझरी, नांदगाव पेठ हे सगळे थांबे त्याला क्रमाने पाठ आहेत. एखादा चुकवून पाहा, लगेच हात धरून थांबवतो. रोज संध्याकाळी भिंतीवरच्या नकाशात तो माझ्या टप्प्यापुढे लाल खूण करायचा. सकाळी पहिला एक किलोमीटर तो माझ्यासोबत चालायचा, कानावर हेडफोन, फुटपाथची तीच बाजू, तोच विजेचा खांब हाताने शिवून.

अकराव्या दिवशी आमचा फुटपाथ खोदलेला निघाला. वाट बदलावी लागली आणि त्याचे अवसान गेले. चौकात आडवा पडून रडायला लागला. "काय झालं बाप्पा पोराले, अंगात आलं काय?" म्हणत दहा-पंधरा माणसे जमली. एकाने मोबाइल काढून चित्रीकरण सुरू केले. तेव्हा कोपऱ्यावरच्या तर्री पोह्याच्या गाडीवाल्याने काय करावे? त्याने लावलेले गाणे बंद केले, लोकांना म्हणाला, "सरका भाऊ, हवा येऊ द्या," आणि पुन्हा आपल्या कढईकडे वळला. प्रश्न नाही, सल्ला नाही. वीस मिनिटांनी पोरगा स्वतःच उठला. त्या दिवशीचा टप्पा मी संध्याकाळी पूर्ण केला.

पैशाबद्दल एक गोष्ट पालकांसाठी. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत ऑटिझम आहे, म्हणजे प्रमाणपत्र मिळते. केंद्र सरकारच्या राष्ट्रीय न्यास या संस्थेच्या 'निरामय' योजनेत एक लाख रुपयांपर्यंतचा आरोग्य विमा आहे आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. केंद्राच्या ओसरीत बसलेल्या निम्म्या आयांना मी हे पहिल्यांदा सांगितले. कागदपत्रांसाठी खेटे पडतात, खरे आहे, पण सोडू नका.

पंचविसाव्या दिवशी मी दारात पाऊल ठेवले तेव्हा नातू नकाशापाशी उभा होता. तो फार बोलत नाही. बरेचदा माझीच वाक्ये परत म्हणतो. त्याने शेवटची खूण केली आणि माझ्याच आवाजात म्हणाला, "चला, अमरावती आलं, उतरा."

येत्या २ एप्रिलला शहरात पुन्हा पदयात्रा निघतील. माझी आयोजकांना हात जोडून विनंती आहे : ट्रक, डीजे, ढोल नको. घोषणांऐवजी फलक धरा. सगळ्यांना एकाच वेळी सोडू नका, दहा-दहाच्या गटाने निघू द्या. वाट आधी कळवा, म्हणजे मुलांना ती चित्रांतून दाखवून ठेवता येईल. थकलेल्या मुलाला बसायला सावलीत एक शांत कोपरा ठेवा. आणि सकाळी सहालाच सुरू करा. एप्रिलमध्ये नऊनंतर आपल्याकडचे ऊन कुणालाच सोसत नाही.

एवढे झाले तर आम्ही दोघे येऊ. तो हेडफोन लावून येईल.

आपला,
एक आजोबा
प्रतापनगर, नागपूर

(नाव व पत्ता सोबत दिला आहे, नातवाखातर कृपया छापू नये.)